उत्तराच्या पानावरचा शब्द

वडोदऱ्यातल्या मराठी घरातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी, गल्लीत गुजराती, कॉलेजात इंग्रजी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून चार चाकांची छोटी रोबो-गाडी करतोय. गाडी दोन मिनिटं नीट चालते, थबकते, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा चालू होते. सर्किटवरच्या तीन पायांच्या काळ्या आयसीला बोट लावलं तर चटका बसतो. मुलगा फोन काढतो आणि लिहितो, 'माझं सर्किट गरम का होतं'. समोर काय येतं? फोन तापण्याची दहा कारणं, लॅपटॉपचा पंखा कसा साफ करावा, घरातल्या वायरिंगची काळजी. पंधरा मिनिटं बोट फिरवून तो सरांना सांगतो, "सर, नेटवर काहीच नाही."

हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक सापडायचा नाही. बहुतेकांचा त्यावरचा निष्कर्ष ठरलेला असतो: पोरगा आळशी आहे. मला तसं वाटत नाही. त्यानं शोधलं, पण स्वतःच्या प्रश्नाच्या भाषेत शोधलं. उत्तर ज्यानं लिहून ठेवलंय त्यानं ते वेगळ्या शब्दांत लिहिलंय. त्याच्या पानावर 'गरम' नाही, 'माझं' नाही, 'का' तर नाहीच. तिथं 'थर्मल शटडाउन' आहे, 'पॉवर डिसिपेशन' आहे आणि त्या काळ्या आयसीच्या छातीवर छापलेला आकडा आहे: ७८०५.

सर्च इंजिन आपण विचारल्यावर जग धुंडाळायला निघतं, असा बऱ्याच मुलांचा समज असतो. ते धुंडाळणं आधीच उरकलेलं असतं. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आलाय ते सांगणारी, तसलीच एक अवाढव्य सूची त्याच्याकडे तयार असते. आपण शब्द टाकला की आधी ती सूची उघडते. पुढं पानांचा क्रम लावताना कोणत्या पानाकडे किती जण बोट दाखवतात हे पाहिलं जातं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही युक्ती मुळात संशोधकांच्या जगातली. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंध करतात, यावरून त्याचं वजन ठरवण्याची रीत तिथं आधीपासून होती. आता ही यंत्रं अर्थाचा अंदाजही बऱ्यापैकी घेतात. रेसिपी किंवा रेल्वेचं वेळापत्रक हवं असेल तर वाटेल तसं विचारा, चालतं. तांत्रिक विषयात मात्र शब्द चुकला की दार चुकतं. म्हणून मुलांना पहिल्याच तासाला एवढंच सांगावं: प्रश्न टाइप करू नकोस. उत्तराच्या पानावर कोणते शब्द असतील याचा अंदाज कर आणि ते टाइप कर.

सांगायला सोपं आहे. पण ज्याला विषयच माहीत नाही त्यानं त्या विषयातला शब्द कुठून आणायचा?

ही अडचण वडोदऱ्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, छपाई, सुतारकाम, यंत्रकाम हे सगळं मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचं, असा त्यांचा आग्रह होता. आग्रह धरला आणि लगेच लक्षात आलं की वर्गात हाताशी शब्दच नाहीत. कारागिराकडे एक शब्द, पुस्तकात दुसरा, कारखान्यात इंग्रजीवरून तोडलेला तिसरा. मग तांत्रिक विषयांची देशी भाषांतली पुस्तकं आणि परिभाषा यांचं काम हाती घेणं आलं. शब्दांचा हा ध्यास त्या संस्थानानं पुढंही सोडला नाही. १९३१ मध्ये निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'मध्ये कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द मांडून ठेवलेत. एकाच गोष्टीला आठ दारं. आजच्या सर्च इंजिनांमागची समानार्थी शब्दांची जुळणी पाहिली की मला हा कोश आठवतो. तो कागदावर होता आणि माणसांनी डोकं खाजवत केलेला होता, फरक एवढाच.

कलाभवनाच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक त्र्यंबकेश्वरचा. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांची कथा आपण नेहमी ध्येयवेडाची म्हणून ऐकतो: बायकोचे दागिने, डोळ्यांवरचा ताण, 'राजा हरिश्चंद्र'. मला ती तांत्रिक शोधाशोधीचा उत्तम नमुना म्हणून वर्गात सांगावीशी वाटते. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी काय केलं, ते क्रमानं बघा. परदेशी सामानाचे कॅटलॉग मागवले. या धंद्यातले लोक स्वतःसाठी कोणतं पत्र काढतात ते शोधलं आणि 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची वर्गणी भरली. १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले तेव्हा पिकॅडिलीजवळ त्याच साप्ताहिकाची पाटी दिसली, तसे थेट आत शिरले. संपादक केबर्न यांनी आधी या फंदात न पडण्याचा सल्ला दिला आणि मग त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थनं स्टुडिओचे सगळे विभाग दाखवले. कोणता कॅमेरा घ्यायचा हे त्या दोघांना विचारून ठरलं, विल्यमसन, पन्नास पौंडांना. दोनेक आठवड्यांचा मुक्काम आटोपून १ एप्रिलला स्वारी परत.

यात नशिबाचा भाग आहेच. पण वाट बघा कशी आहे: कॅटलॉगातून वस्तूंची नावं कळली, धंद्याच्या पत्रातून धंद्याची बोली कळली आणि लंडनला पोचेपर्यंत नेमकं काय विचारायचं ते ठाऊक झालं होतं. 'सिनेमा कसा काढतात हो?' असं विचारणाऱ्या माणसाला हेपवर्थनं कदाचित चहा पाजून वाटेला लावलं असतं.

आपल्या रोबोवाल्या मुलाचा कॅटलॉग म्हणजे आयसीवर छापलेला आकडा. वस्तूवर काय लिहिलंय ते आधी वाच, ही सूचना इतकी साधी आहे की कुणी ती देतच नाही. ७८०५ टाकलं आणि पुढं 'डेटाशीट' शब्द जोडला की चित्र पालटतं. डेटाशीट म्हणजे तो भाग बनवणाऱ्या कंपनीनं स्वतः काढलेली माहितीपत्रिका. ती बहुधा पीडीएफच्या रूपात असते, म्हणून शोधताना फाइलटाइप, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि पीडीएफ असं जोडलं की बाकीचा पाचोळा बाजूला होतो. (कॉलनला विसर्ग म्हटल्याबद्दल व्याकरणवाल्यांनी माफ करावं, मुलांच्या पटकन लक्षात राहतं.) दोन शब्द सलग याच क्रमानं हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हात घालायचे. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाची खूण द्यायची. सगळं मिळून हे दहा मिनिटांचं शिक्षण आहे, आणि माझा अनुभव असा की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही ते कुणी दिलेलं नसतं.

डेटाशीट उघडली की मुलं घाबरतात. वीस-तीस पानं, सगळीकडे तक्ते. कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायला लागलं तर तिसऱ्या पानावर झोप येते. डेटाशीट रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचायची असते; आपली गाडी तेवढी बघायची. आपल्या मुलाला दोनच आकडे हवेत. हा आयसी बाराचे पाच व्होल्ट करतो. मधले सात व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. गाडीच्या मोटरी आणि कंट्रोलर मिळून अर्धा अँपिअर ओढत असतील तर सात गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॉट नुसते तापण्यात जातात. डेटाशीटमध्ये 'थर्मल रेझिस्टन्स' नावाची ओळ असते. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, न लावलेल्या ७८०५ साठी तिथं साधारण ६५ अंश प्रतिवॉट असा आकडा मिळतो. साडेतीनला पासष्टनं गुणा: २२७ अंशांची वाढ. आतला सिलिकॉनचा तुकडा सव्वाशे-दीडशे अंशांपलीकडे टिकत नाही, म्हणून आयसी जीव वाचवायला स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू. दोन मिनिटं चालणं, थबकणं, आपोआप सुरू होणं. रोगाची सगळी लक्षणं एका गुणाकारात बसली.

आता मुलाच्या हातात 'थर्मल शटडाउन' हा शब्द आहे. तो पुन्हा शोधतो आणि या वेळी पहिल्याच पानावर त्याच्यासारखेच पोळलेले शंभर जण भेटतात. कुणी हीटसिंक लावायला सांगतं, कुणी ७८०५ काढून 'बक कन्व्हर्टर' बसवायला. नवा शब्द, नवं दार. शोध असा पायरीपायरीनं चढत जातो, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक शब्द असतो. म्हणून मी मुलांना एक वही करायला सांगतो. डाव्या पानावर आपण काय टाइप केलं ते, उजव्या पानावर त्यातून कोणता नवा शब्द हाती लागला तो. वेबपानांचे पत्ते साठवण्यापेक्षा हे शब्द साठवणं जास्त उपयोगी पडतं, कारण पत्ते मरतात.

या शंभर जणांवर विश्वास किती ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. इथं पुन्हा वडोदऱ्यातलंच एक काम मदतीला येतं, आणि ते इंजिनिअरिंगच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं केली, हे मराठी वाचकाला माहीत असतं. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरानं केली. ते काम १९७५ पर्यंत चाललं. तिथल्या पंडितांपुढे देशभरातून आलेल्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या होत्या. एखादा श्लोक वीस पोथ्यांत सापडला तर तो मूळचा म्हणायचा का? तसं नाही. त्या वीसही पोथ्या एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या असतील तर साक्षीदार एकच. आणि लेखनिकाची चूक हा फार कामाचा पुरावा: दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक दिसली की त्यांचं घराणं एक, असं समजायचं.

हेच वेबवर करून बघायला सांगा. दहा पानांवर एकच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह आलं असेल तर ती दहा मतं नाहीत, एकच पोथी दहादा उतरवली आहे. मुलांना हा खेळ फार आवडतो. वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधायचं आणि कुणी कुणाचं उतरवलंय त्याची वंशावळ काढायची. तारखाही बघायच्या. २०१० मधलं पायथॉन भाषेतलं उत्तर उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये डकवलं की 'प्रिंट'च्या ओळीवरच गाडी अडते, कारण ते उत्तर पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचं असतं. ती आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणे बंद झाली. उत्तर लिहिणारा चूक नव्हता, त्याच्या काळी बरोबरच होता.

कोणतं पान खरं हे त्या पानाकडे बघून ओळखता येतं, हा आणखी एक गोड गैरसमज. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये यावर एक सुंदर अभ्यास मांडला. दहा पीएचडी इतिहासकार, पंचवीस विद्यार्थी आणि माहितीची खातरजमा करण्याचा व्यवसाय असलेले दहा जण, अशांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वर-खाली वाचत बसले, बोधचिन्ह किती रुबाबदार आहे, पत्ता कुठला आहे ते पाहत राहिले आणि बऱ्याचदा फसले. व्यावसायिक तपासनीस मात्र पानावर क्षणभर थांबून लगेच बाहेर पडले. त्यांनी शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते विचारलं. आपण स्थळ बघताना हेच करतो की. मुलाकडच्यांनी दिलेला बायोडेटा कितीही छान असो, चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

पाण्याचं उदाहरण घ्या, कारण पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये ते दरवर्षी येतं. पाण्यात विरघळलेले क्षार किती असावेत, म्हणजे टीडीएस किती हवा, असं शोधलं की वरची बरीचशी पानं पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांची निघतात. आकडे छान रंगीत तक्त्यांत मांडलेले असतात, आणि निष्कर्ष बहुधा एकच: यंत्र घ्या. आता खिडकी बदला. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, आवृत्ती २०१२. त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा. आणखी एक खिडकी: २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं टीडीएस ५०० हून कमी असेल तिथं आरओ यंत्रांवर बंदी आणायला सरकारला सांगितलं. विक्रेता खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. त्याच्या पानावर हे दोन आकडे शेजारी शेजारी क्वचितच दिसतात, एवढंच.

हल्ली मुलं सर्च इंजिनाकडे जातच नाहीत, थेट एआयला विचारतात. यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही, कारण शब्द शोधण्याच्या कामात हे साधन अफलातून आहे. 'माझ्या गाडीतला तीन पायांचा आयसी तापतो आणि गाडी बंद पडून पुन्हा सुरू होते, याला तंत्राच्या भाषेत काय म्हणतात?' असं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं तरी 'थर्मल शटडाउन' हातात पडण्याची शक्यता दांडगी. गज्जरांना असा सहायक मिळता तर! पण त्याच साधनाला आकडा किंवा संदर्भ विचारला की सावध राहायला हवं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले कोर्टात जोडले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. माझा नियम साधा आहे: एआयकडून शब्द घ्यावा, आकडा घ्यायला डेटाशीटकडे जावं.

हे सगळं कुणी शिकवायचं? कॉम्प्युटरच्या सरांनी, असं सगळे गृहीत धरतात. वडोदऱ्यानं शंभरेक वर्षांपूर्वी याचं वेगळं उत्तर दिलं होतं. अमेरिकेत फिरताना सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डननं कटर आणि ड्युई या दोन अमेरिकनांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वर्गीकरण बसवलं, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव धाडली गेली. नुसती पुस्तकं विकत घ्यायला पैसा पुरला असता. पण पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये वाट दाखवणारं माणूस लागतं आणि त्या माणसालाही शिकवावं लागतं, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी ते खातंच उभं केलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही आहे, पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनीसकट. एकदा मुलांना तिथं न्या आणि एक विषय कार्डांच्या भाषेत कसा बोलतो ते दाखवा.

आजच्या कॉलेजांत ग्रंथपाल असतात, पण त्यांच्या टेबलाकडे मुलं नो-ड्यूज सर्टिफिकेटच्या सहीपुरती जातात. परिणाम असा की १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठं-महाविद्यालयांना खुली झाली आणि तरी मुलं शोधनिबंधाच्या दाराशी पैसे मागणारी पाटी दिसली की परत फिरतात. योजनेचं काम बघणारं इन्फ्लिबनेट गांधीनगरला आहे, वडोदऱ्याहून काही तासांवर.

शिक्षकांसाठी मला एकच युक्ती हातखंडा वाटते, आणि ती करायला थोडं धाडस लागतं. वर्गात प्रोजेक्टरवर स्वतः शोधायचं, आणि तेही उत्तर माहीत नसलेला प्रश्न. मुलांकडूनच प्रश्न घ्यायचा. मग सरांचे पहिले तीन प्रयत्न फसतात, सर 'हं, हा शब्द नसणार' म्हणतात, कुठल्यातरी विक्रेत्याच्या पानावर जाऊन परत येतात, चौथ्या वेळी एक चांगला शब्द सापडतो. मुलांनी आजवर फक्त सापडलेली उत्तरं पाहिलेली असतात, शोधणारा माणूस पाहिलेला नसतो. सरांना अडखळताना बघून वर्गात जी कुजबुज होते ती मला कुठल्याही तयार स्लाइडपेक्षा आवडते.

रोबोवाल्या मुलाचं अजून संपलेलं नाही. हीटसिंक म्हणून त्याला गाडीची अॅल्युमिनियमची बॉडीच वापरायची आहे. आयसीच्या पाठीवरचा धातूचा पत्रा सरळ तिला स्क्रूनं आवळायचा. चालेल का? पण बॉडीला तर सर्किटची ग्राउंड तार जोडलेली आहे. आता तो काही विचारत बसत नाही. डेटाशीटचं पिनांचं चित्र काढतो: ७८०५ चा तो पत्रा आतून ग्राउंडलाच जोडलेला असतो. चालेल. मग त्याला आठवतं की मित्राच्या गाडीत एलएम३१७ आहे, दिसायला हुबेहूब असाच. त्याची डेटाशीट उघडतो. तिथं पत्रा आउटपुटला जोडलेला निघतो. मित्रानं स्क्रू आवळायच्या आत तो त्याला फोन लावतो.